दोष आढळला नाही

इंद्रभानचा फोन नारायणरावांच्या मरणावर हसला, त्याला आज तेरावा दिवस होता, आणि इंद्रभान खामगावच्या सर्व्हिस सेंटरमध्ये टोकन घेऊन बसला होता. टोकन एकोणीस नंबरचं होतं. भिंतीवरच्या पाटीवर अकरा चालू होता. पाऊण तास झाला, पाटी अकराच दाखवत होती. ही पाटीसुद्धा फोनच्याच कंपनीनं बनवली असावी, असा इंद्रभानला दाट संशय होता.

नारायणराव म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीचे, संजीवनीचे सासरे. साखरखेर्ड्याला, राहत्या घरी, सकाळी सातला वारले. सव्वासातला संजीवनीच्या नवऱ्यानं, शेखरनं, सोयऱ्यांच्या ग्रुपवर वडलांचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं की माती दुपारी एक वाजता. सात सोळाला त्या फोटोखाली पहिलं चिन्ह उमटलं. हसून हसून डोळ्यांतून पाणी आलेला पिवळा चेहरा. पाठवणार इंद्रभान, अमडापूर. सात सतराला त्याच नावावरून एक नाचणारं अस्वल आलं. सात अठराला ‘हार्दिक अभिनंदन’, गुलाबांसकट.

त्या वेळी इंद्रभान पाठीवर पंप घेऊन वांग्यावर फवारणी करत होता. फोन बांधावर, भाकरीच्या फडक्याशेजारी एकटा होता. एकटा असला की त्याला सुचायचं. दोन महिन्यांपासून त्याच्या काचेवर कुणाचं तरी न दिसणारं बोट फिरत होतं. एकदा त्यानं भाजीच्या अडत्याला एका दुपारी सतरा वेळा फोन लावला होता. एकदा सगळी भाषा बदलून तमिळ करून ठेवली होती, आणि इंद्रभाननं ती आठ दिवस अंदाजानं वापरली होती. खोडीचा बैल सांभाळावा तसा तो फोन सांभाळत होता. मातीला तो वेळेवर पोचला. लोक आपल्याकडे असं काय बघताहेत, याचं कारण त्यानं वाढलेल्या दाढीत शोधलं. दुसऱ्या दिवशी बायकोनं, छायानं, ग्रुप उघडून दाखवला तेव्हा त्याचे कान लाल झाले. इंद्रभानचा राग कानांपासून सुरू व्हायचा आणि खाली उतरायला वेळ लावायचा. हा तेरा दिवस उतरतच होता.

त्यानं संजीवनीला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तिनं कापला. मग छायाच्या फोनवरून शेखरला लावला आणि सांगितलं की हे मी नाही, फोननं केलं. शेखर म्हणाला, “फोन आपोआप हासते काय, भाऊ? तसं असन तं कंपनीकडून लिहून आना. मंग बोलू.”

दुसऱ्या कुणी हे ऐकलं असतं तर त्याला कळलं असतं, की बाप गेलेला माणूस रागात बोलतोय. पण इंद्रभाननं आयुष्यभर तलाठ्याकडे, कृषी खात्याकडे, बँकेत आणि पंचायत समितीत ‘लिहून आणा’ हेच ऐकलं होतं, आणि प्रत्येक वेळी लिहून आणलं होतं. ठिबकसाठी त्यानं एकदा स्वतःची विहीर स्वतःच्याच शेतात असल्याचा दाखला आणला होता. कागद आणला की काम होतं, हा त्याचा अनुभव होता. त्यानं शेखरचं बोलणं अटीसारखं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी खामगाव गाठलं.

पहिल्या खेपेला सर्व्हर बंद होता. दुसऱ्या खेपेला फोन काउंटरवरच्या सारिकासमोर इतका शहाण्यासारखा वागला, की तिनं त्याचं कौतुक केलं. दोष दिसत नसेल तर व्हिडिओ काढून आणा, असं सांगितलं. इंद्रभान घरी गेला, फोन पाटावर ठेवला आणि छायाचा फोन त्याच्यावर रोखून समोर बसला. पाच दिवस. फोननं पापणी हलवली नाही. सहाव्या दिवशी छायाच्या फोनची बॅटरी संपली, आणि ती संपल्याबरोबर पाटावरच्या फोननं उठून गॅस सिलिंडर बुक केलं.

आज तेरवी. तेरवीला सुनेच्या भावानं तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे इंद्रभाननं शेखरच्या, डोक्यावर टोपी आणि खांद्यावर दुपट्टा घालायचा, मगच पंगत बसते. टोपी-दुपट्टा छायाच्या पिशवीत होता, छाया मोटरसायकलवर मागं होती, आणि साखरखेर्डा दक्षिणेला असताना मोटरसायकल उत्तरेला खामगावकडे निघाली होती. छायानं घरातून निघताना विचारलं, चिखली फाट्यावर विचारलं, आणि खामगावात शिरताना तिसऱ्यांदा विचारलं, की आधी तेरवी केली तर काय होईल. इंद्रभानचं म्हणणं होतं की रिकाम्या हातानं गेलो तर संजीवनी दारात उभं करणार नाही. दहाला कागद मिळेल, एकला आपण तिथं. टोपी एका हातात, कागद दुसऱ्या हातात.

टोकन एकोणीस सव्वाअकराला लागलं.

सारिकानं फोन हातात घेऊन वरखाली केला. “काका, व्यवस्थित चालू आहे हा.”

“तुमच्यासमोर चालूच राहीन तो,” इंद्रभान म्हणाला. “पाहुने पाहाले आल्यावर पोरगी बसते, तसा बसते. आतमंदी न्या त्याले. मशीन लावा.”

तिनं फोन आत इंजिनिअरकडे दिला. इंजिनिअरचं नाव धम्मरत्न. डोळ्याला भिंग लावलेला, मेहकरकडचा, शांत माणूस. वीस मिनिटांनी त्याच्याकडून माहिती आली, सारिकानं बटण दाबलं, कागद छापून निघाला आणि इंद्रभानच्या हातात पडला. सारिकानं कागदाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. वॉरंटी रद्द. कारण, आत पाणी गेलेलं आहे.

इंद्रभाननं पाणी हा शब्द वाचला. त्याच्यावरचं काही वाचलं नाही.

धम्मरत्न बाहेर आला आणि त्यानं समजावून सांगितलं. सिमच्या कप्प्यात आत एक पांढरा ठिपका असतो. पाणी लागलं की तो लाल होतो. तुमचा लाल झालाय, फोटो काढून वर कंपनीला पाठवलाय, आता आपल्या हातात काही नाही.

“पानी,” इंद्रभान म्हणाला. कान पेटले होते. “अमडापुरात नळाले आठ दिवसांनी पानी येते. मानसाले पुरत नाई. ते मी फोनले पाजीन?” एवढं बोलून त्यानं कागदाचे दोन तुकडे केले, ते एकावर एक ठेवून चार केले, आणि चहाचे कप टाकायच्या डब्यात टाकले. खुर्च्यांवर बसलेल्या लोकांनी मान डोलावली. त्यांनाही काहीतरी फाडायचं होतं, पण त्यांचं टोकन अजून लागलं नव्हतं.

छाया पिशवी खाली ठेवून उठली. ठिपका बघू द्या म्हणाली. धम्मरत्ननं भिंग दिलं. तिनं भिंग न लावताच पाहिलं.

“हे कुकू हाये,” ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिनं सांगितलं की मागच्या दसऱ्याला फोन नवाच आणला होता. विळा पुजला, फवारायचा पंप पुजला, मोटरचा स्टार्टर पुजला, तसा फोनही पुजला. बाकीच्यांना बोटभर लावलं. हा नवा आणि महाग, म्हणून याला जरा सढळ हातानं लावलं. बाजूला बारीक भोक होतं, त्यातही गेलं असेल.

धम्मरत्ननं कोरडा कापूस काडीला गुंडाळला आणि ठिपक्यावरून फिरवला. कापूस लाल झाला. ठिपका पांढरा निघाला. नवरीच्या दातासारखा. त्याला हसू आलं असावं, पण तो नोकरीवर होता. सारिका म्हणाली की ठिपका पांढरा आहे हे तिला दिसतंय, पण सिस्टीममध्ये तो लाल गेलाय आणि सिस्टीममधून परत येत नाही. त्यासाठी वरच्या साहेबांना विचारावं लागेल.

वरचे साहेब फोनवर होते, कुठल्या शहरात ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी हिंदीत विचारलं की हे कुंकू काय असतं. सारिका म्हणाली, लाल पावडर. त्यांनी विचारलं, ग्राहकाने फोनमध्ये लाल पावडर का घातली. ती म्हणाली, पूजेसाठी. कुणाच्या पूजेसाठी? फोनच्या. साहेब म्हणाले की ती लाल गोष्ट पावडरच आहे आणि पाण्याचा डाग नाही, याचा पुरावा पाठवा.

इंद्रभाननं काउंटरवर हात आपटला. साहेबाला इकडं बोलवा, त्याच्या कपाळाला लावून दाखवतो, असं तो म्हणाला. छायानं त्याला बाजूला केलं आणि समोरच्या सरबताच्या गाडीवरून एक लिंबू मागवलं. हे कुंकू तिच्या माहेरचं, हळदीचं. आंबट लागलं की उतरतं. धम्मरत्ननं कापसाची काडी धरली, सारिकानं मोबाईल रोखला, छायानं लिंबू पिळलं. लाल कापूस सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पिवळा झाला. मागून टोकन चोवीस आणि पंचवीस यांनी टाळ्या वाजवल्या. व्हिडिओ वर गेला. उत्तर यायला दीड-दोन तास लागतील, असं सारिका म्हणाली.

घड्याळात साडेबारा वाजले होते.

छायानं पिशवी उचलली. “मी चालली,” ती म्हणाली.

“अन् कागद?”

“कागद तुमी आना. टोपी मी नेतो.” ती पायऱ्या उतरून स्टँडकडे निघून गेली. एकदाही मागं बघितलं नाही. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती आणि इंद्रभानला तिच्या पाठीचा अर्थ समजत होता. पण निकाल इतका जवळ आला होता, की आता उठणं म्हणजे सगळं पाण्यात. इतक्या खेपा, इतकी लढाई, आणि शेवटी एक लिंबूसुद्धा. तो बसला.

अडीचला उत्तर आलं. कंपनीनं हार मानली होती. ग्राहकाचं म्हणणं मान्य, फोन बदलून द्यावा. तेच मॉडेल आता बनत नसल्यामुळे वरचं मॉडेल द्यावं, वाढीव कॅमेऱ्याचं. सारिकानं खोका काढून ठेवला, अभिनंदन केलं आणि दुसरा कागद छापून दिला. खुर्च्यांवरची माणसं इंद्रभानकडे आदरानं बघायला लागली. तेरा दिवसांत पहिल्यांदा त्याचे कान थंड झाले. त्यानं या वेळी कागद सावकाश, वरपासून वाचला.

‘दोष आढळला नाही. ग्राहकाच्या समाधानासाठी मॉडेल बदलून दिले.’

त्यानं दोनदा वाचला. मग सारिकाला विचारलं की हे काय आहे. दोष नाही तर बदलून काय म्हणून देता? फोन आपोआप चालतो, एवढं लिहून द्या. बाकी मला काही नको. हा खोकाही नको.

सारिकानं त्याला सिस्टीम दाखवली. दोष आहे असं लिहिलं तर फोन तपासणीला पुण्याला जातो, एकवीस दिवस लागतात. आजच्या आज बदलून द्यायचा तर ‘दोष आढळला नाही’ हेच निवडावं लागतं. तिसरा पर्याय होता, पाण्याचा. “त्यात सगळं लिहून येतं, काका. सकाळच्या कागदावर होतं ना. पहिलीच ओळ. टच आपोआप चालतो.”

इंद्रभान चहाच्या डब्याकडे वळला. डबा रिकामा होता. दुपारी एकलाच झाडून नेला होता.

“तोच छापून द्या,” तो म्हणाला.

ती तक्रार बंद झाली, असं सारिका म्हणाली. पाणी गेलेलं नाही हे सिद्ध झालंय ना. तुम्हीच केलंत.

“गेलं होतं पानी,” इंद्रभान म्हणाला. “मी खोटं बोललो. माही बायको खोटं बोलली. लिंबू खोटं होतं. लिवा.”

ती नाही म्हणाली. त्यानं आधी हात जोडले, मग आवाज चढवला, मग पुन्हा हात जोडले. मग तो कोपऱ्यातल्या पाण्याच्या जारपाशी गेला, स्टीलचा ग्लास काठोकाठ भरला, काउंटरवर आणून ठेवला आणि आपला जुना फोन त्यात उभा सोडला. फोन मानेपर्यंत बुडाला. दोन बुडबुडे आले. “आता गेलं का पानी?” त्यानं विचारलं. “लिवा आता.”

“तो फोन आता कंपनीचा आहे, काका,” सारिका हळू आवाजात म्हणाली. “तुमचा हा खोक्यातला आहे.”

धम्मरत्ननं फोन ग्लासातून काढला आणि कापडात गुंडाळला. मग इंद्रभानला बाजूला घेतलं. काय झालं ते विचारलं, आणि इंद्रभाननं सगळं सांगितलं. अस्वलासकट. धम्मरत्न म्हणाला, “मी पायलं न मशीनवर. दोनदा आपोआप हाललं. मी माह्या हातानं लिहून देतो, सही करतो, माहा नंबर देतो. फक्त शिक्का नाई भेटनार.”

इंद्रभाननं त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. बिनशिक्क्याचा कागद. इतकी वर्षं दाखले गोळा करणाऱ्या माणसाला हा नुसता कागद देत होता. तो नको म्हणाला, खोका बगलेत मारला, शिक्क्याचा कागद खिशात घातला आणि मोटरसायकलला अशी लाथ मारली, की ती पहिल्यांदाच एका किकमध्ये सुरू झाली.

साखरखेर्ड्यात तो साडेपाचला पोचला. मांडवाखाली सतरंज्या गुंडाळणं चालू होतं. शेखर खुर्चीवर बसला होता. त्याच्या डोक्यावर कोरी पांढरी टोपी होती आणि खांद्यावर दुपट्टा होता. म्हणजे इंद्रभानचं काम झालेलं होतं, आणि ते त्याच्याशिवाय झालेलं होतं. छाया ओसरीवर बसून उरलेली बुंदी डब्यात भरत होती. तिनं वर बघितलं आणि पुन्हा बुंदी भरायला लागली.

इंद्रभानला काय करावं सुचेना, म्हणून त्यानं कागद काढून शेखरच्या हातात दिला. त्यानं मागितला होता, यानं आणला. शेखरनं चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचला. दोष आढळला नाही. सतरंज्या गुंडाळणारे थांबले.

“हे काय हाये, भाऊ?” शेखरनं विचारलं.

इंद्रभान सांगायला लागला. ठिपका, कुंकू, लिंबू, वरचे साहेब, स्टीलचा ग्लास. तो सांगत होता त्यातला शब्द न् शब्द खरा होता, आणि प्रत्येक वाक्यानिशी तो जास्त खोटारडा दिसत होता. ग्लासपर्यंत पोचल्यावर त्याला स्वतःलाही शंका यायला लागली.

नळापाशी संजीवनी भाजीचा मोठा गंज, पंगतीचं पातेलं, घासत होती. तिनं हातातली घासणी आत टाकली. रिकाम्या गंजातून देवळातल्या घंटेसारखा आवाज आला.

“तुहा फोन हासला, हे मले त्याच दिवशी कळलं होतं,” ती म्हणाली. तेरा दिवसांतलं तिचं त्याच्याशी हे पहिलं वाक्य. “तुले नुसतं ‘हो’ लिवाले दहा मिन्टं लागतात, दादा. तीन मिन्टांत तू अस्वल पाठवशीन?”

इंद्रभाननं विचारलं, “मंग फोन काऊन कापत होती?”

“फोनवर सांगाची गोष्ट होती का ते? मी वाट पाहून राह्यली, आज येईन, उद्या येईन. तू खामगावले तीनदा गेला. इथं एकदा आला नाई. मातीले तोंड दाखवलं अन् जो गेला तो गेलाच. माह्या सासऱ्यानं तुह्या वांग्याची भाजी पंधरा वर्षं गोड मानून खाल्ली.”

“शेखररावांनीच सांगतलं लिहून आना म्हनून,” इंद्रभान म्हणाला. त्याचे कान पुन्हा तापायला लागले होते. “मी काय हौसेनं गेलो?”

“बाप मेला होता माहा,” शेखर म्हणाला. “मी काय शुद्धीवर होतो, भाऊ?”

संजीवनीनं उरलेलं सांगितलं. तीनशे माणूस मांडवात बसलेलं, पत्रावळी मांडलेल्या, आणि टोपीवाचून पंगत सुरू करता येईना. भात दोनदा गरम केला. लेकरं रडली. बीबी गावाहून आलेला म्हातारा चक्कर येऊन पडला, त्याला साखरपाणी दिलं. साडेचारला वहिनी एसटीतून उतरली, चपला न काढता मांडवात आली आणि स्वतःच्या हातानं शेखरला टोपी घातली. बाईमाणसानं. साखरखेर्ड्यात हे आजवर झालेलं नव्हतं. फोन कधीचा मागं पडला, आता गाव पुढची दहा वर्षं हेच बोलणार होतं.

“अन् तू त्या टायमाले काय करत होता?” तिनं विचारलं. “लिंबू पिळत होता.”

लिंबू छायानं पिळलं होतं. पण हे सांगायची ही वेळ नाही, एवढं इंद्रभानला पहिल्यांदाच वेळेवर कळलं. त्यानं खोका ओसरीवर ठेवला आणि कडेला उभा राहिला. बसायला कुणी म्हटलं नाही, जा असंही कुणी म्हटलं नाही.

संजीवनीनं पायानं गंज त्याच्याकडे सरकवला. त्यात बुडाला वांग्याची भाजी करपून चिकटली होती. भात दोनदा गरम केला तशी भाजीही केली होती, त्याचं ते बूड. ती म्हणाली, गंज पाहुण्यांकडून मागून आणलाय, उद्या सकाळी परत द्यायचाय, आणि तिचे हात भरून आलेत.

इंद्रभाननं बाह्या सारल्या, चुलीतली राख घेतली आणि उकिडवा बसला. त्याचा सगळा राग, कंपनीवरचा, साहेबावरचा, शेखरवरचा आणि स्वतःवरचा, त्यानं त्या गंजात घातला. करपलेलं निघत नव्हतं. तो आणखी जोरात घासायला लागला. संजीवनी कमरेवर हात ठेवून शेजारी उभी होती. घरात जायचं तिच्या मनात दिसत नव्हतं. तिनं आधी त्याच्या दाढीवरून त्याला सुनावलं, मग तिच्या लग्नात त्यानं बँडवाल्याशी भांडण केलं होतं त्यावरून, मग त्यानं मागच्या वर्षी पाठवलेल्या किडक्या वांग्यांवरून. तेरा दिवसांचं साचलेलं होतं. तो ऐकत होता आणि घासत होता.

“कडेले राह्यलं,” ती म्हणाली. “तिकडं नाई, इकडं. दिसत नाई का तुले?”